डाळ चौकशीची खिडकी

मुळात काम अगदी छोटं होतं. कीवर्ड शोधायचं एक साधन निवडायचं, तेही तीनपैकी एक. बाजारात वांगी निवडायला लागतो तेवढाच वेळ लागायला हवा होता. लागले सहा आठवडे. त्या सहा आठवड्यांत आमच्या तांड्यावर नारळाचा दंड बसायची वेळ आली आणि एका सरकारी फायलीची पार दमछाक झाली. आणि मी, धनसिंग फुलसिंग आडे, निवृत्त वाहतूक नियंत्रक, पांढरकवडा बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर एकतीस वर्षं एकही मेमो न घेता बसलेला माणूस, मला पोटच्या पोरीकडून ऐकावं लागलं, "बा, तुमी हात तरी कायले लावला?"

आता कीवर्ड म्हणजे काय, ते सांगतो. मला ते समजायला दोन दिवस लागले, तुम्हाला लगेच समजेल. गिऱ्हाईक फोनवर काही शोधतं तेव्हा जे शब्द टाकतं, ते कीवर्ड. तेच शब्द आपल्या पानावर असले तर आपलं पान वर दिसतं. नसले तर कुठेतरी सतराव्या पानावर पडून राहतं, आणि तिथपर्यंत कोणी जात नाही. लोक कोणते शब्द टाकतात आणि किती जण टाकतात, हे सांगणारी साधनं इंटरनेटवर मिळतात. आमची बबिता पुसदला बी.कॉम. झाली आणि घरी बसून हे सगळं शिकली. कोणाकडून शिकली, ते विचारू नका. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "व्हिडिओ पाहून." व्हिडिओ पाहून मी आजवर फक्त झोपायलाच शिकलो आहे.

साधन हवं होतं डाळीसाठी. फुलसावंगीजवळच्या आमच्या बंजारा तांड्यात लालीबाईचा, म्हणजे माझ्या बायकोचा, अकरा बायकांचा बचत गट आहे. गटाला एका योजनेतून लहानशी डाळ मिल मिळाली. मशीन आलं तेव्हा हार घातला, पेढे वाटले, फोटो काढला. त्या गडबडीत कागदावरची अट कोणी वाचली नाही. ती अट अशी होती, की एकतीस मार्चच्या आत जिल्ह्याबाहेरची किमान पंचवीस गिऱ्हाइकं दाखवायची, नाहीतर मशीन दुसऱ्या गटाला जाईल. फेब्रुवारी अर्धा सरला होता. जिल्ह्याबाहेरची गिऱ्हाइकं होती दोन, आणि दोन्ही लालीबाईच्या बहिणी.

लालीबाई रोज सकाळी मशीन पुसायला लागली, पाहुणा जायच्या आधी त्याची पिशवी भरून द्यावी तशी. ते पाहून बबितानं वेबसाइट काढली.

तीन साधनं तिने निवडून ठेवली होती. त्यांची इंग्रजी नावं माझ्या तोंडात बसेनात, म्हणून मी त्यांना नारिंगी, हिरवं आणि फुकट म्हणू लागलो. नारिंगी फार महाग. हिरवं सात दिवस चाखायला मिळतं आणि आठव्या दिवशी ओळख दाखवत नाही. फुकट मात्र फुकट होतं, त्यामुळे घरात कोणाचाच त्याच्यावर विश्वास नव्हता.

शेजारचे वामनराव रोज संध्याकाळी चहाला येतात. वीस एकर तुरीचे मालक, जावई पुण्याला कॉम्प्युटरमध्ये, त्यामुळे कॉम्प्युटरविषयी शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी लॅपटॉप उचलून खालून पाहिला.

"धनसिंगभाऊ, नारिंगीच घ्या. महाग वस्तू कधी धोका देत नाही."

"काका, तुमी मागच्या साली महागाचं बियाणं घेतलं ना? उगवलं काय ते?" बबितानं विचारलं.

"ते पाण्यामुळं," वामनराव म्हणाले आणि चहा मागितला. जावयाला फोन लावतो असंही म्हणाले. जावयानं तो उचलला नाही. तो कधीच उचलत नाही, पण वामनरावांच्या मते हे तो फार मोठा माणूस असल्याचं लक्षण आहे.

योजनेत "डिजिटल साधन खरेदी" असा एक रकाना होता आणि तो भरल्याशिवाय फाईल पूर्ण होणार नव्हती. म्हणून आम्ही बापलेक त्या कार्यालयात गेलो. कोणत्या, ते सांगत नाही. आपलं काम अजून पडतं तिथे. टेबलावरच्या साहेबांनी आमचं ऐकून घेतलं. माणूस सज्जन होता, पण नियमांनी बांधलेला.

"तीन दरपत्रकं लागतील. लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह."

"सर, कंपन्या परदेशात आहेत," बबिता म्हणाली.

"मग तिथून मागवा."

"अन् तिसरं साधन फुकट आहे."

साहेब पहिल्यांदाच अस्वस्थ झाले. "फुकटचं दरपत्रक कसं घेता येईल? रकान्यात शून्य टाकलं की कॉम्प्युटर पुढे सरकत नाही. त्यांना सांगा, काहीतरी घ्या."

मी उभ्या आयुष्यात नियमाला नावं ठेवली नाहीत. पण पोरीनं खरंच नारिंगी कंपनीला मेल केला, की कृपया गोल शिक्का मारून पाठवा. पाच मिनिटांत उत्तर आलं. ते माणसानं लिहिलेलं नव्हतं. तुमची अडचण आम्हाला समजली, एकदा बाहेर पडून पुन्हा आत येऊन पाहा, असा सल्ला त्यात होता. मी तो छापून साहेबांना दाखवला. त्यांनी नीट वाचला आणि विचारलं, "याच्यावर जावक क्रमांक काहून नाही?"

असे दहा दिवस गेले. बबिता तिकडे हिरव्याचे सात दिवस संपले की नवा ईमेल काढून पुन्हा सात दिवस मिळवत होती. इकडे मला वाटायला लागलं, की घरातला अनुभवी माणूस म्हणून आपण हातावर हात ठेवून बसणं बरं नाही. पुढे जे झालं त्याला इथून सुरुवात झाली, हे मी मान्य करतो. पण हेतू तपासून पाहा, एवढीच विनंती आहे.

आमच्या तांड्यात मोठं काम बैठकीशिवाय होत नाही. सोयरीक असो, भांडण असो, विहीर असो, देवळापुढच्या ओट्यावर नायक बसतो, सगळे जमतात, आणि तिथे ठरलं ते ठरलं. मी उत्तमसिंग नायकांकडे गेलो. मशीन जायची पाळी आहे, हे त्यांना सांगितलं. नायक लगेच उठले. "आपल्या बायांचं मशीन जाते? बोलवा सगळ्याइले."

बबिता नेमकी आठ दिवसांसाठी पुसदला गेली होती, हाही एक योगायोगच. मी ओट्यावर उभं राहून समजावलं. जो शब्द जास्त लोक शोधतात, तो चालतो. तेव्हा आपण सगळ्यांनी मिळून शोधायचं. शब्द मीच तयार करून नेले होते: "लालीबाईची अस्सल गावरान उच्च प्रतीची तूर डाळ फुलसावंगी." माझ्या मते त्यात काहीच सुटलं नव्हतं.

"रोज किती खेपा?" नायकांनी विचारलं.

"घरटी वीस."

"ठरलं. जो शोधणार नाही, त्याले देवळात नारळ द्या लागन."

आणि मग मी ती चूक केली. एखाद्या साध्या माणसाच्या हातून ती झालीच नसती. तिला एकतीस वर्षांची नोकरीच पाठीशी लागते. एकानं विचारलं, "पान दिसल्यावर त्याच्यात आत जायचं काय?" मी ठणकावून म्हणालो, "अजिबात नाही! गावच्यानं आत बसून जागा अडवू नका. बाहेरचं गिऱ्हाईक आलं तर त्याले जागा पाह्यजे. पाहाचं अन् मागं सरकाचं."

माणसं आमची शिस्तीची. आठ दिवस अख्खा तांडा सकाळ-संध्याकाळ ओट्यावर रेंजमध्ये बसून शोधत होता आणि मागे सरकत होता. ज्यांना टाइप येत नव्हतं ते फोनला तोंड लावून ओरडत होते. पंच्याऐंशी वर्षांच्या रुखमाबाईनं वीसऐवजी चाळीस खेपा केल्या, कारण आदल्या दिवशी तिला ताप होता. असा एकोपा पाहून माझा ऊर भरून आला. खरंच सांगतो, आला.

नवव्या दिवशी सकाळी परत आलेली बबिता लॅपटॉप उघडून नुसती बसून होती.

"याडी," ती आईला म्हणाली, "काहीतरी भयानक झालं. आपलं पान हजारो खेपा दिसलं अन् आत कोणीच नाही आलं. एक माणूस नाही. म्हणजे लोकाइले आपली डाळ पाहूनच नको वाटते. मी आठ दिवसांत चार खेपा पान बदललं, नाव बदललं, फोटो बदलला, तरी तेच होऊन राह्यलं."

मी खरं तर तेव्हा गोठ्याकडे निघालो होतो. पण लालीबाई म्हणाली, "बबिताचे बा, थांबा," आणि मग मला सगळं सांगावंच लागलं.

त्यावर बबिता जे बोलली, ते सुरुवातीलाच लिहिलं आहे. आणखीही बोलली, ते लिहीत नाही. मार्चचा पहिला आठवडा संपत आला होता. लालीबाई शांतपणे म्हणाली, "मशीन गेलं तर गेलं. पण लोकाइनं डाळ नाकारली असं पोरीले आठ दिवस वाटलं, ते बरं नव्हतं." ते मला जास्त लागलं.

मी आत जाऊन पेटी उघडली. पेटीत माझा गणवेश आहे, निरोपाची शाल आहे आणि सहा वह्या आहेत. वह्यांविषयी मी घरी कधी बोललो नव्हतो, कारण कोणी कधी विचारलं नव्हतं. एक वही घेऊन बाहेर आलो आणि बबितासमोर ठेवली. म्हणालो, "मी अडाणी नाही. लोकं काय विचारतात ते मले कळते. एकतीस वर्षं लिहून ठेवलं."

तिने रागातच वही उघडली. खिडकीवर लोक जे विचारत, ते मी रोज लिहीत असे आणि पुन्हा कोणी तेच विचारलं की पुढे एक काडी ओढत असे. पाच काड्यांचा एक जुडगा. वेळापत्रक डोक्यावर टांगलेलं असायचं, पण ते वाचून त्यातलं कोणी विचारत नसे. लोक विचारत, "गेली काय?" "लेकराचं तिकीट लागते काय?" "पोहोचेन ना दिवसाउजेडी?" आणि सगळ्यात जास्त काड्या होत्या "दवाखान्याची गाडी कोणती?" यापुढे. जंगलाकडून पोडावरची, म्हणजे आदिवासी वस्त्यांवरची, माणसं यायची, त्यांना गावाचं नाव माहीत नसायचं. दवाखाना माहीत असायचा. शेवटी मी एका पुठ्ठ्यावर हातानं लिहून लावलं, दवाखाना फलाट तीन, कोर्ट फलाट एक, बाजार फलाट चार. अशी पाटी कोणत्याही नियमात नव्हती. पण मी निवृत्त होईपर्यंत ती कोणी काढली नाही, आणि मला वाटतं, माझ्या नोकरीत मी केलेलं खरं काम तेवढंच.

बबिता पानं उलटत राहिली. मग तिने विचारलं, "बा, डाळीचं लोकं काय विचारतीन?"

"मले काय माहीत? त्याच्यासाठी खिडकीवर बसा लागते."

म्हणून आम्ही खिडकी उघडली. फुलसावंगीच्या आठवडी बाजारात एक टेबल, एक खुर्ची, गटाची डाळ थाळीत, आणि वर पाटी: "डाळ चौकशी." विक्री नाही, फक्त चौकशी. निवृत्तीनंतर चार वर्षांनी मी इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसलो आणि वही उघडली. बाजारात आधी हसाहस झाली. वामनराव सगळ्यांसमोर येऊन म्हणाले, "धनसिंगभाऊ, विकाची नाही तर बसले कायले? लोकं म्हणतीन, डोक्याचं काही झालं."

"हा प्रश्न डाळीचा नाही," मी म्हणालो. "पुढचा या."

पण लोक यायला लागले. चौकशी म्हटलं की आपल्या माणसाला राहवत नाही. दोन बाजार मी सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत बसलो. बबिताच्या हिरव्या साधनानं सांगितलेले इंग्रजी शब्द कोणी उच्चारले नाहीत. सेंद्रिय आहे काय, हे एकानं विचारलं, तो ग्रामसेवक होता. किडे लागतात काय, याला एकोणीस काड्या. आणि जवळजवळ प्रत्येक बाई डाळ बोटांत घेऊन एकच विचारत होती, "शिजते काय लवकर? आमची तर शिजतच नाही, काहून नाही शिजत काय माहीत." एकशे बारा काड्या. वामनरावसुद्धा संध्याकाळी हळूच येऊन विचारून गेले. घरून सांगून धाडलं होतं म्हणे.

बबितानं तो प्रश्न फुकटच्या साधनात टाकला. मी मागे उभा होतो. तिने एकदा पाहिलं, चष्मा पुढे ओढला, पुन्हा पाहिलं.

"बा, महिन्याले हजारो लोकं विचारून राह्यले. डाळ काहून शिजत नाही. अन् मराठीत धड उत्तर कोणीच नाही देल्लं."

"मग दे ना तू," मी म्हणालो.

उत्तर लालीबाईनं दिलं. बबितानं ते तिच्याच शब्दांत लिहिलं: "डाळ जुनी असंल, नाहीतर तुमचं पाणी जड असंल, नाहीतर मीठ-चिंच आधी टाकत असान. ह्या तीन गोष्टी पाहा. तरी नाही शिजली तर मले फोन लावा." खाली फोन नंबर. वामनरावांनी तो वाचून डोक्याला हात लावला. लोकाइले फुकट उत्तर देल्लं तर डाळ कोण घेईन, असं त्यांचं म्हणणं.

तिसऱ्या दिवशी पहिला फोन आला. कराडची बाई होती. लालीबाई चूल सोडून उठली आणि जिल्हाधिकारी बोलत असल्यासारखी ताठ उभी राहिली.

"पहिले पाणी सांगा," ती म्हणाली. "बोरचं का नळाचं? ... बोरचं? मग रात्री भिजू घाला ... किती सालची डाळ हाय? ... अवो बाई, दोन सालची डाळ देव बी शिजवू शकत नाही! फेकू नका, वरणात नका टाकू, भरडून वडे करा. अन् नवी पाह्यजे असंल तर आमची हाय."

बाईनं नवी मागवली. मग इचलकरंजीची आली, मग नाशिकची, मग लातूरहून एक खानावळवाला, तो तर लालीबाईचं बोलणं खाऊन चौथ्या दिवशी पुन्हा ऑर्डर देऊन मोकळा. लालीबाई परक्या बायकांना भरपूर बोलत होती आणि त्या खूश होऊन डाळ मागवत होत्या. पस्तीस वर्षं मी तेच बोलणं खाल्लं आहे, पण त्याला एवढी मागणी आहे हे मला ठाऊक नव्हतं. अठ्ठावीस मार्चला गिऱ्हाइकांचा आकडा एकतीसवर गेला. तो माझ्या नोकरीच्या वर्षांइतका झाला, हे मी तीन जणांना वेगवेगळं सांगितलं.

तीस तारखेला तेच साहेब तपासणीला तांड्यात आले. ओट्यावर सतरंजी टाकली, नायक बसले, सगळे जमले. साहेबांनी गिऱ्हाइकांची यादी पाहिली, पत्ते पाहिले, दोन ठिकाणी फोन लावून पाहिले. एका ठिकाणी तिकडच्या बाईनं त्यांनाच डाळीत चिंच कधी टाकायची ते सांगितलं. मशीन तांड्यातच राहणार, हे दिसत होतं. मग साहेबांचं बोट फायलीत एका जागी अडकलं.

"हा रकाना कोरा आहे. कीवर्ड शोधायचं साधन कोणतं वापरलं? ते नोंदवल्याशिवाय फाईल बंद होत नाही."

फुकटचं नाव लिहिता येत नव्हतं, नारिंगी आणि हिरवं घेतलं नव्हतं. बबितानं पिशवीतून एक कागद काढून साहेबांना दिला. भरलेला होता, गटाच्या गोल शिक्क्यासह, जावक क्रमांक टाकून. साहेबांनी चष्मा लावला आणि सवयीप्रमाणे मोठ्यानं वाचायला लागले.

"साधनाचे नाव: धनसिंग फुलसिंग आडे."

मला वाटलं, आणखी काही बोलणी खायची राहिली असतील. मी उठायला लागलो. नायकांनी हात धरून बसवलं.

"उत्पादन दिनांक: एक जून एकोणीसशे त्रेसष्ट, शाळेच्या दाखल्याप्रमाणे, खरा माहीत नाही. कार्यपद्धती: लोकांचे ऐकून लिहून घेणे. पूर्वीचा अनुभव: एकतीस वर्षे, सहा वह्या, सोबत जोडल्या आहेत. दर: दोन वेळचा चहा. दोष, असल्यास..." साहेब थांबले. "दोष: कोणी सुरू न करता आपोआप सुरू होते."

सगळा तांडा हसला. रुखमाबाई तर किती वेळ हसत होती. मीही हसलो, पण बेतानं. निवृत्त असलो तरी माणसाला पद असतं.

"शेवटचा रकाना," साहेब म्हणाले आणि त्यांचा आवाज जरा उतरला. "बदली साधन उपलब्ध आहे काय: नाही."

बबिता माझ्याकडे पाहत नव्हती, नखानं सतरंजीचा धागा काढत होती. माझ्या पोरीनं मला सरकारी कागदावर लिहिलं होतं. मला तिचा इतका अभिमान वाटला, की कुठे पाहावं ते कळेना. म्हणून मी त्या कागदाकडेच पाहत राहिलो.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "हे असं साधन नियमात बसते की नाही, पाहावं लागेल. कोणाची हरकत आहे काय?"

चारचौघांत माझ्या बाजूनं एक शब्दही कधी न बोललेली लालीबाई पदर सावरून उभी राहिली.

"बरोबर लिवलं पोरीनं," ती म्हणाली. "सही करा, साहेब."